पाचवड फाट्यावरची पावती

मी मूळचा वाईचा, आणि माझे मामा वाईच्या कोर्टात वकील आहेत. पहिल्या वर्षी ओळख करून देताना या दोन्ही गोष्टी मी सांगून टाकल्या आणि तेव्हापासून हॉस्टेलवर माझं एक वेगळंच खातं उघडलं गेलं. पाचगणी-महाबळेश्वरच्या ट्रिपा सुरू झाल्या की शनिवार-रविवारी हमखास फोन. वाक्यही ठरलेलं. "भावा, गाडी धरलीय. मामांना सांग की जरा." हेल्मेट नाही, तिघं बसलेत, पीयूसी संपलीय, असलं काही असेल तर मामा काही करू शकत नाहीत आणि करतही नाहीत. पैसे भरा, पाचगणीला जा, स्ट्रॉबेरी क्रीम खा, विषय संपला.

वेगाचं प्रकरण मात्र दरवेळी असं संपत नाही, आणि परगावी झालेलं तर नाहीच. दोन हजार भरले की सुटलो असं धरून चालणारे पुढे तीन महिने लायसनशिवाय फिरतात, नाहीतर सबमिशनच्या आठवड्यात तारखेला वाईला येतात. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून संपादक मंडळ मागे लागल्यावर कविता करण्याऐवजी (ती मला जमत नाही) मी हाच विषय घेतला. सांगायचं एकच आहे. वेगाची पावती हातात पडली की आधी रक्कम बघू नका, कलम बघा.

गेल्या डिसेंबरात सेमिस्टर संपल्यावर माझा रूममेट आणि आणखी तिघं सांगलीहून पाचगणीला निघाले. गाडी रूममेटच्या काकांची, नांदेड पासिंगची. मी तेव्हा वाईला घरीच होतो. कऱ्हाड, सातारा मागे टाकून पाचवड फाट्याला त्यांनी हायवे सोडला. तिथून वाई दहा-बारा किलोमीटर. हायवे सुटला, पण पायाला हायवेचीच सवय लागलेली. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा मोसम, रस्त्याला ट्रॉल्यांची रांग. एका वळणावर यांनी ट्रॉली मागे टाकली, आणि पुढे झाडाखाली पोलिसांची गाडी उभी. मशीनवर आकडा १०४.

फोन आला तो मी सरळ मामांच्या हातात दिला. आम्हाला फक्त मामांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"कुणाला लागलंबिगलं नाही ना? बरं. कलम कुठलं लिहिलंय?"

"एकशे चौऱ्याऐंशी? नीट वाच. त्र्याऐंशी का चौऱ्याऐंशी?"

मग मामा थोडा वेळ गप्प. "गाडी कुणाच्या नावावर आहे? लायसन घेतलं का? पोच दिली का त्याची?" आणि शेवटी, "साहेबांशी हुज्जत घालू नकोस. आता तू गाडी चालवायची नाहीस. दुसऱ्या कुणाकडे लायसन असेल त्याला चालवू दे, आणि आधी इकडे घरी या. जेवूनच जा."

चौघं घरी आले ते तणतणतच. रूममेटचं म्हणणं असं, की दोन हजार देतो, रीतसर पावती फाडा म्हणालो तरी साहेब ऐकेनात, कोर्टात भरा म्हणतात, म्हणजे यांना जास्त पाहिजे असणार. मामांनी ते जेवतानाच मोडून काढलं. साहेबांचं बरोबर होतं. त्या कलमाचे पैसे त्यांना रस्त्यावर घेताच येत नव्हते.

ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ११२ मधे वेगाची मर्यादा पाळा असं सांगितलंय आणि ती मोडली तर शिक्षा कलम १८३ मधे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम-जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड ठरला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून कारला २,००० आणि दुचाकीला १,००० असे दर लागले. हा निव्वळ दंडाचा गुन्हा. त्याची तडजोड होते, म्हणजे पैसे भरून तो जागेवर किंवा ऑनलाईन मिटवता येतो.

कलम १८४ हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे मर्यादा किती आणि आकडा किती हा प्रश्नच नाही. लोकांना धोका होईल अशा वेगानं किंवा अशा पद्धतीनं गाडी चालवली, हा आरोप असतो. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेनं जाणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, हे सगळं २०१९ नंतर यात स्पष्टपणे घातलंय. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केला तर कैद दोन वर्षांपर्यंत, दंड १०,०००. आणि तडजोडीचं जे कलम २०० आहे, त्यात १८४ मधला फक्त हातात मोबाईल धरून चालवण्याचा भाग घेतलाय. बाकीच्या १८४ ला तडजोड नाही. म्हणून ते कोर्टातच जाणार, आणि गुन्हा जिथे घडला तिथल्या कोर्टात. पाचवड वाई तालुक्यात, म्हणून वाईचं कोर्ट. तुमचं घर नांदेडला आहे, कॉलेज सांगलीला आहे, याचा इथे काही उपयोग नाही. तीन महिन्यांनी भरणाऱ्या लोकअदालतीतही हे बसत नाही, कारण तडजोडीला न बसणारे गुन्हे लोकअदालतीच्या कक्षेतच येत नाहीत. "लोकअदालतीत निम्म्यात मिटतं रे" असं सांगणारा एक सिनियर प्रत्येक विंगमधे असतो. साध्या चलनाबाबत तो थोडाफार बरोबर असेल, १८४ बाबत नाही.

कधी याच्या जोडीला पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ ही लावतात, म्हणजे पूर्वीचं आयपीसी २७९. निष्काळजीपणे वाहन चालवणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे, पण एफआयआर तो एफआयआर.

रूममेटला हे सगळं ऐकून सगळ्यात आधी आठवलं ते त्याचं पासपोर्टचं काम. अर्ज भरायचाच होता. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ प्रमाणे फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. भरून मिटवलेलं १८३ चं चलन म्हणजे चालू खटला नव्हे, त्याची चिंता नको. पण १८४ कोर्टात उभं राहिलं की अर्जावरच्या त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिता येत नाही. मार्ग आहे. १९९३ च्या एका अधिसूचनेप्रमाणे ज्या कोर्टात खटला आहे तिथून परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. फक्त तेवढ्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी तारीख, आणि सांगली-वाई-सांगली एसटीचा वेगळा दिवस.

आता लायसन. बहुतेक जण इथेच गाफील राहतात. कलम २०६ च्या पोटकलम ४ प्रमाणे १८३, १८४, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. त्याची पोच मिळते. पण लक्षात ठेवा, या पोचेवर गाडी चालवता येत नाही. इतर काही कारणांनी कागद जप्त झाले तर पोच लायसनच्या जागी चालते, इथे चालत नाही. म्हणून मामांनी फोनवर आधी तेच बजावलं. चौघांत आणखी एकाकडे लायसन होतं म्हणून बरं, नाहीतर काकांची गाडी आमच्या अंगणात मुक्कामाला राहिली असती.

परिवहन कार्यालय मग कलम १९ प्रमाणे नोटीस काढतं आणि बाजू मांडायची संधी देतं. पहिला गुन्हा असेल तर तीन महिने लायसन निलंबित, दुसरा असेल तर रद्द. तीन महिने संपले तरी उजळणीचं प्रशिक्षण केल्याशिवाय लायसन परत मिळत नाही. आदेश पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं. तीन महिन्यांचा हा आकडा नवा नाही. सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ सालीच राज्यांना सांगितलं होतं, की वेगमर्यादा मोडणाऱ्याचं लायसन किमान तीन महिने थांबवा.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कलम २०० मधली एक ओळ. तडजोड करून पैसे भरले तरी २०६(४) खालच्या लायसनच्या कारवाईतून सुटका होत नाही, आणि मिटवलेला गुन्हाही 'पूर्वीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो. म्हणजे १८३ चे दोन हजार भरून तुम्ही खटला मिटवला, लायसनचा प्रश्न नाही मिटवला. दुसऱ्यांदा १८३ लागलं तर लायसन जप्त करा असं तर कायद्यात थेट लिहिलंय. आता तुम्ही पहिली पावती सोलापूरला फाडून घेतली काय आणि दुसरी वाईला काय. पूर्वी दोन गावांच्या पावत्यांची गाठ पडत नसे. आता सगळ्या एकाच संगणकात.

या नोटिसा लायसनवरच्या पत्त्यावर जातात. म्हणजे हॉस्टेलवर नाही, घरी. रूममेटची नोटीस नांदेडला वडिलांच्या हातात पडली. पुढचा तपशील छापण्यासारखा नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर घरी आधीच सांगून ठेवा. नोटीस टेबलावर चार आठवडे पडून राहिली तर सुनावणी तुमच्याशिवाय होते.

हे झालं समजून घेणं. पण पावती बरोबर आहे का, हेही बघायला हवंच, आणि इथे आपण इंजिनियरिंगवाले थोडे उपयोगाचे आहोत.

आधी मर्यादा. केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मधे कमाल मर्यादा ठरवल्या त्या अशा: मधे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, मोटरसायकलला ८०. शहरातल्या आणि इतर रस्त्यांवर कारला ७०, मोटरसायकलला ६०. राज्य किंवा रस्त्याचं खातं यापेक्षा कमी ठरवू शकतं, आणि पाटीवर कमी आकडा असेल तर पाटी खरी. म्हणजे पाचवडला किंवा पुण्याकडून येताना सुरूरला तुम्ही हायवे सोडता त्या क्षणाला कमाल मर्यादा शंभरवरून सत्तरवर येते. गाडी तीच, माणूस तोच, फक्त वळण घेतलं. पुढे पसरणी घाटात तर पाटी बघूनच चाला. रूममेट म्हणत होता, "शंभरला चार जास्त, त्यात एवढं काय?" शंभरला चार नाही, सत्तरला चौतीस.

मग मशीन. स्पीड गन दोन जातींच्या असतात. रडारवाली गन साधारण २४ गिगाहर्ट्झची लहर सोडते. येणाऱ्या गाडीवर आपटून ती परत येते तेव्हा तिची वारंवारता किंचित वाढलेली असते. ताशी १०० किलोमीटरला ही वाढ सुमारे ४,४०० हर्ट्झ. डॉपलर इफेक्ट, पहिल्या वर्षाचा फिजिक्स. दुसरी लेसरवाली. ती इन्फ्रारेडचे शेकडो ठोके क्षणभरात सोडते आणि प्रत्येकाला जाऊन-येऊन किती वेळ लागला त्यावरून अंतर कसं बदलतंय ते काढते. दोन्हींत गन रस्त्याच्या कडेला असल्यामुळे कोन पडतो आणि कोसाइनच्या प्रमाणात आकडा कमी येतो. १० अंशाला १०० चे ९८.५, २० अंशाला ९४. म्हणजे उभ्या गनची ही चूक चालवणाऱ्याच्याच फायद्याची. "गन तिरकी धरली होती" हा बचाव करू नका, हसतील.

खरा प्रश्न गाडी कुठली मोजली हा. रडारचा झोत १२ अंशांचा धरला तर ३०० मीटरवर तो साठ-बासष्ट मीटर रुंद होतो, म्हणजे अख्खा रस्ता आणि शेजारचं उसाचं रानही त्यात आलं. लेसरचा झोत तेवढ्याच अंतरावर जेमतेम मीटरभर. म्हणून मशीन कुठलं आणि फोटोत तुमची नंबरप्लेट व आकडा एकत्र आहे का, हे विचारायला हरकत नाही. नम्रपणे विचारा. कलम १८३(३) चालवणाऱ्याला एक संरक्षण देतं. कुणा एका साक्षीदाराला 'गाडी फार जोरात होती' असं वाटलं, एवढ्यावर १८३ ची शिक्षा होत नाही. त्याचा अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला असला पाहिजे. आणि ते यंत्रही तपासलेलं हवं. रडारच्या वेगमापकांना पडताळणी आणि शिक्का लागेल असे नियम ग्राहक व्यवहार खात्यानं काढले, ते १ जुलै २०२५ पासून लागू झाले. किराणा दुकानातल्या तराजूला लागतो तसाच शिक्का.

"माझ्या मीटरवर तर पंच्याऐंशीच होते" हाही बचाव फारसा टिकत नाही. स्पीडोमीटरनं खऱ्यापेक्षा कमी दाखवू नये असं मानक आहे, म्हणून कंपन्या तो थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात. गन मीटरपेक्षा जास्त सांगत असेल तर आधी टायर बघा. हौसेनं मोठे टायर टाकले, चाकाची त्रिज्या पाच टक्के वाढली, की मीटर तेवढाच मागे पडतो. मेकॅनिकलच्या पार्किंगमधल्या दोन गाड्यांना हे आवर्जून लागू आहे. नावं घेत नाही.

मामांना मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, १०४ ला ब्रेक मारला तर गाडी किती अंतरावर थांबते ते पण काढ की." काढलं. प्रतिक्रियेला दीड सेकंद आणि घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर ७० ची गाडी ५७ मीटरवर उभी राहते, १०४ ची १०४ मीटरवर. योगायोग आहे, पण लक्षात राहतो. पुढचं गणित मात्र बघून मी गप्प झालो. ७० ची गाडी जिथे पूर्ण थांबते, त्या जागी १०४ ची गाडी अजून ताशी ९२ किलोमीटर वेगात असते, कारण तिची बरीचशी जागा ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपलेली असते. वळणापलीकडे ट्रॉली असती तर, हे मामांनी बोलून दाखवलं नाही. वाई-खंडाळ्याच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. खंबाटकीच्या बोगद्यापलीकडचं एस वळण आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. एप्रिल २०१८ मधे विजापूर भागातून कामाला निघालेल्या मजुरांचा टेंपो तिथे कठडा तोडून गेला, १८ जण गेले.

पुढे कोर्ट. रूममेटचं प्रकरण अजून चालू आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. सर्वसाधारण सांगतो. समन्स आलं की स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येतं. कलम २०८ मधे परगावच्या माणसासाठी चांगली सोय आहे. नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात, म्हणजे १८३ सारख्या, समन्सवरच लिहिलेलं असायला हवं की अमुक तारखेआधी गुन्हा कबूल करून अमुक रक्कम पाठवलीत तर यायची गरज नाही. कायद्यात आजही 'मनीऑर्डरच्या कूपनवर कबुली लिहा' असे शब्द आहेत. कैदेच्या गुन्ह्यात, म्हणजे १८४ ला, ही सवलत द्यायची की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर. आणि तिथे "दंड भरतो आणि मोकळा होतो" म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. ती एकदा झाली की तीन वर्षं मानेवर असते. वकिलाशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय ती देऊ नका. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी आणि ठराविक उत्पन्नाच्या आतले यांना तिथे मोफत वकील मिळतो.

पोलिसांनी अडवलंच नाही, कॅमेऱ्यानं टिपलं आणि मोबाईलवर चलन आलं, तर गोष्ट थोडी निराळी. चलन गाडीच्या मालकाला जातं. विचारलं तर कोण चालवत होतं हे सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे मित्राची बुलेट घेऊन गेलात तर मित्र तुमचं नाव सांगणार, आणि त्यानं सांगितलंच पाहिजे. कलम २०९ प्रमाणे १८३-१८४ साठी जागेवर समज दिली नसेल तर चौदा दिवसांत नोटीस पाठवावी लागते, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स लागावं लागतं. ही मुदत चुकली तर तो मुद्दा कोर्टात मांडता येतो. अर्थात पत्ताच सापडला नाही, किंवा तुमच्याच वागण्यानं उशीर झाला, तर फायदा मिळत नाही. २०२१ मधे आलेल्या १६७ अ या नियमानं कॅमेऱ्याच्या चलनासोबत नंबरप्लेटसह स्पष्ट फोटो, यंत्राची मोजणी, तारीख-वेळ-ठिकाण आणि कलम द्यायला सांगितलं. यातलं काही नसेल किंवा गाडी तुमची नसेलच, तर पैसे भरण्याआधी तक्रार करा. आधी भरून मग भांडता येत नाही. आणि व्हॉट्सॲपवर एपीके फाईलसोबत आलेलं चलन हे चलन नसतं, ती चोरी असते. सरकारी पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन नं संपतो.

अठरा पूर्ण नसलेल्या फर्स्ट इयरवाल्यांसाठी एकच ओळ. कलम १९९ अ प्रमाणे तुमच्या गुन्ह्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे, आणि गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द. तेव्हा सिनियरची गाडी मागू नका, आणि सिनियरांनो, देऊ नका.

एमएसला जाणाऱ्यांनाही एक. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि आपलं १८३-१८४ तिथेही वेगळ्या नावानं आहे. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल किंवा त्याहून जास्त, किंवा मर्यादा काहीही असो ८५ मैलांहून, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरहून जास्त वेग असेल तर ती नुसती पावती नसते, 'रेकलेस ड्रायव्हिंग' नावाचा गुन्हा असतो. बारा महिन्यांपर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड. शेजारच्या राज्यातून फिरायला आलेला आपला विद्यार्थी ते दंडाचं चलन समजून खिशात टाकतो. पुढे व्हिसाच्या अर्जावर अटक किंवा शिक्षा झालीय का असा प्रश्न येतो, तेव्हा ते खिशातून बाहेर येतं. तिथेही आधी कलमच वाचा.

शेवटी स्टाफसाठी, कारण हे सहसा कुणी वाचत नाही. १८३ मधे गाडी चालवणाराच अडकतो असं नाही. आपल्या हाताखालच्या माणसाला मर्यादेबाहेर चालवायला लावणाऱ्यालाही तोच दंड आहे. पुढचं पोटकलम आणखी मजेशीर. वेळापत्रकच असं लावलं असेल की मर्यादा न मोडता ते पाळणं शक्य नाही, तर ते वेळापत्रक हाच लावणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा. आता समजा, इंडस्ट्रियल व्हिजिटची नोटीस लागली: सांगलीहून सकाळी सहाला बस, शिरवळच्या कारखान्यात साडेआठला हजर. अंतर साधारण १८० किलोमीटर. पेठनाक्यापर्यंतचे चाळीस किलोमीटर साठच्या वेगानं, चाळीस मिनिटं. नाश्त्याला वीस. उरलेल्या १४० किलोमीटरला दीड तास, म्हणजे सरासरी ९३, तीही सातारा आणि खंबाटकी धरून. २०१८ च्या मर्यादेत बसला चौपदरी रस्त्यावर ९० होते. व्हिजिट लावणाऱ्या सरांनी बस पाचला काढावी. मेसच्या काकांना चहा साडेचारला ठेवायला मी सांगतो.